सेल्विन जे सांगत होता

नोलीन पावाच्या दुकानात रांगेत उभी होती आणि मागच्या बाईने तिच्या दंडाला हात लावला. माउंट ईडनच्या त्या चौकात बरेच जण तिला तोंडओळखीने ओळखत, पण ही त्यातली नव्हती. साठीच्या आसपासची, अंगात पावसाळी जाकीट, आणि बोलायच्या आधीच डोळ्यांत पाणी. "तुम्ही नोलीन ना? सेल्विनच्या व्हिडिओतल्या?" असं तिने विचारलं आणि मग आवाज अगदी खाली आणला. "माझ्या भावाला पण पुढच्या आठवड्यात तीच पिशवी लावणार आहेत. तुमचे मिस्टर रोज स्वतःच्या हाताने बदलतात, हे ऐकल्यावर मी वहिनीला म्हटलं, बघ, अशी पण माणसं असतात." बोलता बोलता तिची नजर नोलीनच्या स्वेटरवर उतरली, बरोबर डावीकडे, जिथे उतरायला हवी होती तिथेच, आणि चोरी पकडल्यासारखी पुन्हा वर आली. नोलीनने तिचे आभार मानले, भावासाठी शुभेच्छा दिल्या, कापलेला गव्हाचा पाव मागितला. बाहेर आली तेव्हा पावाची उबदार पिशवी तिने पोटाशी धरली होती. ती तिथे का धरली आहे हे लक्षात आल्याबरोबर तिने हात लांब केला, आणि घरापर्यंत तो पाव एखादी मेलेली चिचुंद्री धरावी तसा अंगापासून दूर धरून आणला.

तिने सेल्विनला काही विचारलं नाही. तो अंगणात मोटरहोमची, म्हणजे त्यांच्या चाकांवरच्या घराची, काच पुसत होता. दुसऱ्या दिवशी निघायचं होतं: दक्षिणेला रोटोरुआ, तिथून टाउपोचं सरोवर, मग ते तीन ज्वालामुखी डोंगर, आणि शेवटी वेलिंग्टनला पिपाकडे, म्हणजे मुलीकडे. नोलीनने ठरवलं की तो आपण होऊन सांगेपर्यंत थांबायचं. रस्ता लांब आहे, समोर एकच काच आहे, केव्हातरी तो म्हणेल की अगं, मी जरा जास्तच बोलून गेलो. त्याचे व्हिडिओ ती बघत नसे. सुरुवातीला, लिंबाच्या झाडाची छाटणी कशी करावी असले असायचे तेव्हा, एकदोन बघितले होते. नंतर त्यांत ती स्वतःच दिसू लागली, चहा ओतताना, छत्री मिटताना, आणि स्वतःला असं बघणं तिला शेजाऱ्याच्या दोरीवर आपले आतले कपडे वाळत असलेले बघण्यासारखं वाटलं. सेल्विनने आयुष्यभर घरं विकली होती. भिंतीला ओल असलेल्या खोलीत उभा राहून, इथे उन्हाळ्यात फार छान गारवा असतो, असं तो ज्या आवाजात सांगायचा तो आवाज निवृत्तीनंतर रिकामा पडला होता. फोनने त्या आवाजाला पुन्हा काम दिलं. गाडीतही तिला तो ऐकू येत असे. तो आधी साध्या आवाजात म्हणायचा, "तो नकाशा दे इकडे, नाही, तो नाही," आणि मग फोन काचेसमोर अडकवला की गळ्यात तूप सोडल्यासारखा, "मित्रांनो, आज माझी नोलीन माझी वाटाडी आहे."

वायकाटोच्या हिरव्या कुरणांतून गाडी चालली होती. सेल्विन एका हाताने चाक धरून आल्याची बिस्किटं चहात बुडवून खात होता. बिस्किट मऊ पडून अर्धं कपात गळलं की तो ते दोन बोटांनी बाहेर काढायचा, बोटं चोखायचा आणि त्याच बोटांनी गिअर बदलायचा. नोलीन त्या गिअरच्या मुठीकडे बघत राहिली. इतकी वर्षं तिने हे पाहिलं नव्हतं का? पाहिलं होतं. पण पूर्वी ती त्या बोटांसकट सगळा सेल्विन पाहायची, आता तुकडे दिसत. मानेवरचे पांढरे केस, चघळताना कानापाशी हलणारं हाड, कपाच्या काठावर राहिलेला ओला चंद्र. याचंच तिला नवल वाटलं, कारण माणसाच्या शरीराची तिला कधीच घाण वाटली नव्हती. ती शाळेत मुलांचे दात बघणारी नर्स होती. तिच्या त्या छोट्या दवाखान्याला मुलं खाटीकखाना म्हणायची आणि किंचाळत आत यायची. किडलेल्या दाढा, हिरड्यांतला पू, दुपारच्या डब्यातलं अडकलेलं मटण, घाबरून झालेली उलटी, सगळं तिने मोकळ्या मनाने पाहिलं होतं. कुणी तोंड मिटून बसलं तर ती सांगायची, मला दाखव, मी रागावत नाही, मला फक्त बघायचंय. आणि मुलं दाखवायची.

ऑपरेशननंतर तिने स्वतःलाही तसंच दाखवलं होतं. पोटावर डाव्या बाजूला आतड्याचं तोंड बाहेर काढलेलं, लाल, ओलं, आपल्या मर्जीने आकसणारं आणि पसरणारं. ते तिच्या शरीराचं होतं, पण त्याला हात लावला तर तिला कळत नव्हतं. रुग्णालयातली परिचारिका म्हणाली, तुम्ही दोघंही बघून घ्या, घरी गेल्यावर सोपं जाईल. सेल्विन पलंगाच्या पायथ्याशी उभा होता. त्यावर मळ साठण्यासाठी चिकटवलेली पिशवी निघाली आणि त्याच्या नाकाच्या दोन्ही बाजूंना एक घडी पडली, बारीक, दुधाचं भांडं हुंगून बघताना पडते तशी. मग तो म्हणाला की गाडी चुकीच्या जागी लावली आहे, हलवायला हवी. नोलीनने एकटीनेच शिकून घेतलं. गाडी हलवायला गेलेला सेल्विन संध्याकाळी फुलं घेऊन आला. घरी आल्यावर त्याने तिची उशी नीट केली, तुला शांत झोप लागायला हवी असं म्हणाला, आणि आपलं पांघरूण पलीकडच्या खोलीत नेलं. नंतर तो ती पलीकडची खोलीच 'माझी खोली' म्हणू लागला. न्हाणीघरात लॅव्हेंडरच्या वासाचा फवारा आला, मग दिवाणखान्यात आला, मग गाडीत. ती सोफ्यावरून उठली की तो काही वेळाने खिडकी उघडायचा, लगेच नाही, तेवढी सभ्यता त्याच्यात होती. वाईट शब्द त्याने कधी तोंडातून काढला नाही. काढला असता तर तिला त्याचं काहीतरी उत्तर देता आलं असतं.

रोटोरुआ जवळ आलं आणि बंद काचांतूनही तो वास आत आला, सडक्या अंड्यांचा, गंधकाचा. तिथे गटारांच्या जाळ्यांतून वाफ येते, गोल्फच्या मैदानात वाफ येते, लोक त्यातच राहतात, मुलं शाळेत जातात, कुणाला काही वाटत नाही. नोलीनने दीर्घ श्वास घेतला. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा ती अशा हवेत होती जिथे आपल्यामुळे वास येतोय का हे तपासायची गरज नव्हती. सगळ्या गावालाच येत होता. ती हसली, आणि सेल्विनला ते आवडलं, त्याने फोन वळवून तिचं हसू टिपलं. गावाबाहेर चिखलाची डबकी होती. राखाडी, जाड चिखल बुडाशी कुठेतरी तापत होता, फुगा वर यायचा, ताणला जायचा, आणि जेवून तृप्त झालेल्या म्हाताऱ्यासारखा ढेकर देऊन फुटायचा. आवाज तिच्या ओळखीचा होता. चार लोकांत, चर्चमध्ये, वाचनालयात, तिच्या पोटावरचं तोंड असाच आवाज करायचं आणि ती खोकून तो झाकायची. सेल्विन कठड्यावर रेलून फोनला सांगत होता की निसर्ग इथे मनमोकळा आहे, तो काही लपवत नाही. त्याच्या नाकाच्या दोन्ही बाजूंना तीच घडी होती. बोलणं संपवून, फोन खाली घेऊन, तो म्हणाला, "चल बाई लवकर, मळमळतंय मला."

रात्रीच्या मुक्कामाला गाड्या लावायच्या मैदानात कपडे धुण्याची खोली होती. चादरी वाळवणीच्या यंत्रात टाकून नोलीन तिथल्या बाकावर बसली आणि ते फिरणं बघताना तिने आपल्या फोनवर तो व्हिडिओ शोधला. फार शोधावा लागला नाही, सर्वांत जास्त लोकांनी तोच पाहिला होता. सेल्विन स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसला होता, मागे तिनेच लावलेल्या तुळशीसारख्या रोपाची कुंडी. तो सांगत होता की लग्न म्हणजे काय हे त्याला या वयात कळलं. रोज सकाळी तो तिची पिशवी बदलतो. आधी तिला लाज वाटायची, रडायची, मग त्याने तिला सांगितलं की राणी, तुझं काहीच मला घाण नाही. कोमट पाणी कसं घ्यायचं, कातडीवर कडा कशी हलकेच दाबायची, सगळं त्याने सांगितलं, बरोबर सांगितलं. रुग्णालयाने दिलेलं पुस्तक त्याने मन लावून वाचलं असणार. बोलता बोलता तो थांबला, त्याने खिडकीबाहेर बघितलं. खाली शेकडो लोकांनी लिहिलं होतं. कुणी नवऱ्याला दाखवलं होतं, कुणी वडिलांना. नोलीनला वाटलं होतं आपल्याला राग येईल. राग आला नाही. जे आलं ते जिभेच्या मुळाशी आलं, कोमट, आंबट. तो खोटं बोलला हे ती एखादे वेळी गिळू शकली असती, घरं विकणारा माणूस बोलतोच. पण 'राणी' हा शब्द, तो मृदू हात, पहाटेची ती सगळी माया, हे सगळं त्याच्याकडे होतं. काय करायला हवं होतं हे त्याला शेवटच्या बारकाव्यापर्यंत माहीत होतं. ते त्याने अनोळखी लोकांना देऊन टाकलं होतं. चादरी थांबल्या होत्या. शेजारच्या यंत्रापाशी आलेल्या एका जर्मन मुलीने तिला विचारलं की तुम्ही ठीक आहात ना. नोलीन म्हणाली, हो, वाफेने जरा डोकं धरलंय.

दुसऱ्या दिवशी टाउपोच्या सरोवराच्या काठाने रस्ता वळणावळणाचा होता. पलीकडच्या टोकाला डोंगर ढगांत होते, फक्त पायथे दिसत होते, तीन हत्ती पडद्यामागे उभे असल्यासारखे. सेल्विन म्हणत होता की ढग उघडले की थांबू, तुझा कठड्यापाशी पाठमोरा फोटो घेऊ. एका वळणावर नोलीनला कमरेशी ऊब जाणवली. पिशवीची कडा सुटली होती.  हे पूर्वीही झालं होतं, तिला यातलं सगळं येत होतं. मागे न्हाणीच्या कपाटात सामान होतं, पाच-दहा मिनिटांचं काम. तिने सेल्विनला गाडी थांबवायला सांगितलं. त्याने पाण्यालगत, हलक्या सच्छिद्र दगडांच्या किनाऱ्यावर, गाडी घेतली. विचारलं, काय झालं, आणि उत्तर यायच्या आधीच त्याला कळलं, कारण त्याने आपल्या बाजूची काच खाली केली.

नोलीन मागे गेली, पलंगावर जुना टॉवेल पसरला, त्यावर आडवी झाली आणि स्वेटर वर केला. मग तिने त्याला हाक मारली. तो दाराच्या चौकटीत आला.

"कपाटात सगळं आहे," ती म्हणाली. "तू कर."

"मी?"

"तुला येतं ना. रोज सकाळी करतोस. कोमट पाणी, कडा हलकेच दाबायची. मी बघितलं काल."

 बाहेर पाण्यावर मोटारबोट गेली आणि तिच्या लाटेने दगड कुरकुरले. नोलीनला वाटलं, आता तो घरं विकणारा आवाज काढेल, समजावेल. पण त्याने हातमोजे घातले. उलटे घातले, पुन्हा काढून नीट घातले. तो गुडघ्यांवर बसला, ओला रुमाल पिळला, आणि तिने त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. तो खरोखर प्रयत्न करत होता, हे तिला नंतरही कधी नाकारता आलं नाही. त्याने तोंडाने श्वास घ्यायला सुरुवात केली. पिशवीच्या कडेला बोट लावलं. चिकटलेली कडा निघताना जो बारीक आवाज होतो तो झाला, आणि आतलं लाल तोंड हललं, नुसतंच, स्वतःशी. सेल्विनच्या घशातून एक आवाज आला, तो उठला, दाराशी धडपडला, आणि मग दगडांवर त्याची उलटी पडल्याचा आवाज तिने आडवं पडल्या पडल्या ऐकला. पुन्हा. पुन्हा. आल्याच्या बिस्किटांचा आंबट वास दारातून आत आला. नोलीन छताकडे बघत होती. टॉवेल खाली ओला होत होता. तिला हसू आलं, अगदी थोडं, आणि त्या हसण्याचीही तिला घाण वाटली.

तिने उठून स्वतःचं स्वतः केलं. टॉवेल पिशवीत बांधला, हात धुतले, दुसरा स्वेटर घातला. बाहेर आली तेव्हा सेल्विन पायरीवर बसला होता, हनुवटीवर लाळ वाळलेली, हातमोजे अजून हातात.

"मला घाण वाटते," तो म्हणाला. तो आवाज फोनसाठीचा नव्हता. बारीक होता, तरुणपणीचा, तिच्या आईला पहिल्यांदा भेटताना होता तसा. "पहिल्या दिवसापासून वाटते. तुझी नाही. त्याची. पण ते तुझ्यावरच आहे ना, मग काय करू? मला वाटलं जाईल. रोज सकाळी पलीकडच्या खोलीत उठायचो आणि ठरवायचो, आज जाऊ. दारापर्यंत यायचो, नोलीन. खरंच यायचो."

"मग फोनला का सांगितलंस?"

"तिथे जमलं," तो म्हणाला. "बोलताना खरंच वाटत होतं मला. तसं केलंय असं."

नोलीन त्याच्या शेजारी बसली नाही. पायरीवर जागा होती, पण ती गाडीच्या चाकाला टेकून उभी राहिली. हे ऐकायची तिने किती वाट पाहिली होती. तिला वाटत आलं होतं की हा एक शब्द त्याने उच्चारला की भिंत पडेल, आणि पलीकडे तोच असेल, लग्नाच्या दिवशी बूट चावतात म्हणून कुरकुरणारा. शब्द उच्चारला गेला होता. भिंत पडलीही होती. पलीकडे एक म्हातारा माणूस हनुवटी पुसत बसला होता. त्याची दया यावी म्हणून तिने आपल्या आत हात घालून चाचपून पाहिलं, किडलेल्या दाढेच्या भोवती हिरडी दाबून बघावी तसं, कुठे दुखतंय का. कुठेच दुखलं नाही. "मला पण तुझी घाण वाटते, सेल्विन," ती शेवटी म्हणाली. "तुझ्या ओकारीची नाही. ते काय, पाण्याने जाईल."

त्यानंतर ते मुक्कामाला तूरांगी गावाकडे निघाले. ढग उघडले, मधला सुळक्यासारखा डोंगर बर्फासकट पूर्ण बाहेर आला, रस्त्यात लोक गाड्या थांबवून बघत होते. सेल्विनने गाडी थांबवली नाही.

सकाळी ती जागी झाली तेव्हा गाडीतल्या एकुलत्या एक पलंगाची दुसरी बाजू रिकामी होती. खिडकीतून तिला तो दिसला. गाड्यांच्या मैदानाच्या टोकाला, संडासाच्या टाक्या रिकाम्या करायच्या जागी, तो टाकी घेऊन उभा होता. व्हिडिओंत ते काम तोच करायचा, म्हणजे टाकी धरून उभा राहायचा. खरं काम नोलीन करायची, हवेचं झाकण उघडून, तोंड खाली धरून, बेताने. सेल्विनने झाकण न उघडता टाकी एकदम उलटी केली. आत हवा गेली नाही, टाकी गचके देत ओकू लागली आणि निळसर घाण त्याच्या पायजम्यावर, सपातांवर उडाली. तो मागे सरकला नाही. दात आवळून धरून राहिला. खांदे हलत होते. तो ओकत होता की रडत होता हे तिथून कळत नव्हतं. तो हे कुणाला दाखवण्यासाठी करत नव्हता. फोन इथे उशीपाशी होता. नोलीन काचेशी उभी राहून बघत राहिली. धावत जावं, झाकण कुठलं ते दाखवावं, असं तिला वाटलं नाही. घाबरून तिने वाट पाहिली, आता तरी तसं वाटेल म्हणून, पण वाटलं नाही. मग तिने आपली छोटी बॅग खाली काढली, पिशव्यांचे खोके त्यात भरले, आणि पिपाला कळवलं की मी आज बसने येते आहे, एकटी.

बसच्या थांब्यापर्यंत सेल्विनने तिला गाडीनेच सोडलं. त्याने अंघोळ केली होती, पण संडासाच्या टाकीत घालायच्या निळ्या औषधाचा गोडसर वास त्याच्या हातांना होता. पिपाला काय सांगणार आहेस असं त्याने विचारलं, आणि ती म्हणाली की जे झालं तेच. व्हिडिओ काढून टाकू का, असं त्याने विचारलं. नोलीनला ती जाकीटवाली बाई आठवली, आणि तिची वहिनी, जी कदाचित या वेळी शिकत असेल, कोमट पाणी, हलका हात. तिने सांगितलं की ते तुझं तू बघ. मग तो चाकावर हात ठेवून, समोर बघत म्हणाला, "मी शिकेन, नोलीन. आज बघितलंस ना. मला जमेल हळूहळू."

"शीक," ती म्हणाली. "पण माझ्यावर नको."

तो मान हलवत राहिला, हिशोब पटल्यासारखा. तिने दार उघडलं, बॅग घेऊन उतरली, आणि बस येईपर्यंत थांबू नकोस असं सांगितलं. त्याने गाडी सुरू केली. पण थांब्याच्या मागे जागा अरुंद होती, एका बाजूला कचऱ्याचे डबे, दुसरीकडे मासेमारांची एक लांब गाडी, आणि त्याला मागे घेता येईना. थोडी मागे यायची, थबकायची, पुन्हा पुढे जायची. बाजूच्या आरशात त्याचा अर्धा चेहरा दिसत होता. नोलीनने बॅग जमिनीवर ठेवली आणि गाडीच्या मागे, त्याला दिसेल अशा जागी, जाऊन उभी राहिली. तिने दोन्ही हात वर केले आणि बोटांनी बोलावलं, ये, ये, अजून, उजवीकडे, अजून ये. गाडी हळूहळू तिच्याकडे आली. डब्यांपासून वीतभर राहिली तेव्हा तिने तळहात उभा धरला. तो थांबला, चाक फिरवलं, आणि रस्त्याला लागला.